आईचा गट चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार

आठवड्यातून दोनदा, ७ आठवडे, एकूण १४ बैठका. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या त्या गटात आईला कुणीच "आठवतंय का?" विचारून परीक्षेला बसवलं नाही. जुना फोटो हातात देऊन "हे पाहून काय वाटतं?" एवढंच विचारलंत, आणि ती बोलू लागली.

"माझी आई कुठाय?" असं तिने विचारलं की मी "ती गेली" सांगायचे. दरवेळी ते दुःख तिला नव्याने व्हायचं. तुमच्यापैकी एकीने मला हळूच सांगितलं, "आईची आठवण येतेय का, कशी होती ती, असं विचारून बघ." केवढं साधं! मला सुचलंच नव्हतं.

बाथरूमच्या दारावरचं चित्र, अंधारायच्या आधी लावलेले दिवे, हेही तुम्हीच सुचवलेलं. आजार बरा होणार नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार. काल टॉवेलच्या घड्या घालताना ती गुणगुणत होती.