हवाई तळावरच्या सार्जंट काकांना

प्रिय सार्जंट काका,
सादर नमस्कार.

हवाई तळ लोकांसाठी खुला होता त्या दिवशी सगळी गर्दी वैमानिकांभोवती होती. मी मात्र मिग-२१ च्या नाकासमोर वही घेऊन उभी होते. तुम्ही हात पुसत आलात आणि म्हणालात, "काय बघतेस एवढं?" मी विचारलं, तोंडातला हा सुळका कशासाठी?

या विमानाचे आकडे मला पाठ होते. पहिला नमुना १९५५ मध्ये उडाला, दहा हजारांहून जास्त विमानं बनली, वेग आवाजाच्या दुप्पट. पण सुळक्याचं काम कुठल्याच पुस्तकाने मला नीट समजावलं नव्हतं. तुम्ही उकिडवे बसलात आणि खडूने काँक्रीटवर चित्र काढलंत. विमान आवाजापेक्षा जोरात जात असलं तरी इंजिनाच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या पात्यांना, हवा आवाजाहून कमी वेगातच लागते. सुळक्याच्या टोकापासून आघाततरंग, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेच्या लाटा, निघतात, त्यातून जाताना हवा मंदावते, आणि वेग वाढेल तसा सुळका पुढे सरकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळेल, असं तुम्ही धरून चाललात. काका, त्याआधी असं कुणीच धरलं नव्हतं.

चित्र झाल्यावर खडूचा तुकडा तुम्ही आठवणीने खिशात टाकलात. मी का म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही मला हत्यारांची पेटी दाखवलीत. प्रत्येक पान्यासाठी त्याच्याच आकाराची खाच. खाच रिकामी दिसली, तर पाना सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, कारण धावपट्टीवर पडलेला एक स्क्रू इंजिनाने ओढून घेतला तरी पाती तुटू शकतात. सकाळी सगळे रांगेने, माना खाली घालून, खडे वेचत चालता, हेही तेव्हाच कळलं. विमानवेडी म्हणवून घेणाऱ्या मला तोवर फक्त आकाश दिसत होतं.

पुढे इंजिनाची चाचणी होती. तुम्ही तुमचे कानरक्षक मला दिलेत आणि स्वतःचे कान तळव्यांनी झाकलेत. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, पेटला तसा आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू आला. त्या वयात असं काही अंगावर घ्यायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

मी हवाई दलात गेले नाही. पण आजही विमान दिसलं की नजर आधी चाकांपाशी वाकलेल्या माणसाकडे जाते. उड्डाणाआधी सुरक्षेच्या पिना काढून त्यांच्या लाल फिती वैमानिकाला उंचावून दाखवणारा, नोंदवहीत त्याच्याआधी सही करणारा, आणि विमान परतेपर्यंत वाट बघणारा माणूस. हवाई प्रात्यक्षिकांच्या निवेदनात या माणसांची नावं येत नाहीत आणि ती यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. तुमचं नावही मी तुम्हाला न विचारता इथे लिहीत नाही, एवढंच.

त्या दिवशी तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल, आणि माझ्या एकाही प्रश्नाला "मोठी झालीस की कळेल" असं उत्तर न दिल्याबद्दल, मनःपूर्वक आभार.

हे पत्र पोहोचलं तर जरूर कळवा. एक विचारायचं राहून गेलंय. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास उतरणाऱ्या त्या विमानाचं शेपटीतलं पॅराशूट तुम्ही हाताने घडी घालून भरायचात; मग पावसात भिजलेलं ते वाळवायचात कुठे?

तुमची ऋणी,
वहीवाली मुलगी