कंटेनर अपडेट केला म्हणजे झालं असं नसतं

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात एआयबद्दल रोज काही ना काही येतं, नवीन मॉडेल आलं, नवीन चिप आली, पण हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याच्या अपडेटबद्दल कोणीच लिहीत नाही आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

आजकाल बऱ्याच टीम मॉडेल कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या डब्यात टाकून क्लाउडवर चालवतात, खाली एआयसाठीची चिप असते, गूगलचं टीपीयू, अॅमेझॉनचं ट्रेनियम नाहीतर इन्फरेन्शिया, किंवा एनव्हिडियाचं जीपीयू. कंटेनरमध्ये सगळं आत बंद असतं, कुठेही नेला तरी सारखाच चालेल असं लोक धरून चालतात. साध्या वेब अॅपचं ठीक आहे, पण ट्रेनियम किंवा जीपीयूचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) बाहेर होस्ट मशीनवर, म्हणजे कंटेनर ज्या कॉम्प्युटरवर चालतो त्याच्यावर असतो आणि फ्रेमवर्क, लायब्ररी वगैरे आत, या दोघांची व्हर्जन जुळली नाहीत की मॉडेल सुरूच होत नाही आणि एरर वाचून गडबड आत आहे का बाहेर तेच कळत नाही. वर टीपीयू, ट्रेनियमवर मॉडेल त्या चिपसाठी कंपाइल करावं लागतं, म्हणजे चिपला कळेल अशा रूपात आणावं लागतं, ते काम करणारा कंपायलर बदलला की पुन्हा कंपाइल करा, मोठं मॉडेल असेल तर वाट बघत बसा.

बरं, सुरू झालं तरी आउटपुट तंतोतंत तेच येईल असं नाही. बीफ्लोट16 या आकडे साठवायच्या पद्धतीत आकडा 16 बिटांत बसवतात, त्यात अपूर्णांकाला फक्त 7 बिट, म्हणजे आकडे थोडे राउंड होतात, त्यामुळे नवीन कंपायलरने नुसता बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे अंक हलतात. चॅटबॉटला चालून जाईल, पण जिथे मॉडेलच्या स्कोअरवर लोकांचे निर्णय होतात तिथे जुनं-नवं आउटपुट शेजारी ठेवून तपासलंच पाहिजे.

एवढा व्याप म्हणून टीम म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. ही भीती मला समजते, पण ती महागात पडू शकते. सप्टेंबर 2024 मध्ये एनव्हिडियाच्या कंटेनर टूलकिटमधलं (कंटेनरला जीपीयू वापरू देणारं सॉफ्टवेअर) सीव्हीई-2024-0132 या नंबरचं सुरक्षेतलं भोक जाहीर झालं, डीफॉल्ट सेटिंगवर मुद्दाम बनवलेली इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) चालवली तर कंटेनरमधून थेट होस्टच्या फाइलींपर्यंत पोचता येत होतं, 1.16.1 पर्यंतच्या व्हर्जनमध्ये. दुरुस्ती 1.16.2 मध्ये आली. हे टूलकिट होस्टवर असतं, म्हणजे ज्यांनी नुसती आतली इमेज नवीन केली ते तसेच उघडे राहिले!

माझी मागणी एवढीच की क्लाउड आणि चिप कंपन्यांनी सिक्युरिटीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, नवीन फीचरच्या गठ्ठ्यात बांधू नये, तो जुन्या व्हर्जनसाठीही वेगळा द्यावा, म्हणजे लोक न घाबरता लावतील. कुठला ड्रायव्हर कुठल्या कंटेनरला चालतो हे रिलीज नोट्समध्ये सगळ्यात वर लिहावं. टीमनीही 'लेटेस्ट' हा टॅग (ज्याच्या मागची इमेज बदलत राहते) सोडून इमेज डायजेस्टने, म्हणजे तिच्या नेमक्या ओळख-कोडने पक्की करावी आणि होस्टवरची व्हर्जनसुद्धा त्याच रेपोत (जिथे कोड ठेवतात तिथे) लिहून ठेवावीत, आधी थोडं ट्रॅफिक नव्यावर वळवून बघावं आणि मगच बाकीचं हलवावं.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या नवीन चिपची बातमी देताना कंपनीला स्पीडसोबत हेही विचारा की आज विकताय त्या सॉफ्टवेअरला पॅच कधीपर्यंत देणार.

आपला,
एक वाचक