तायक्वांदो : बेल्टच्या घाईत मुलांची वाढ खुंटू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या कोल्हापुरात चौकाचौकांत तायक्वांदो या कोरियन लढाऊ कलेच्या शिबिरांचे फलक लागतात. त्यांवर पदके, प्रमाणपत्रे, दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण अशा सगळ्या गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात. मुलाच्या वाढत्या शरीराला या व्यायामातून काय मिळते, यावर मात्र एक ओळही नसते. गेली सहा वर्षे मी माझ्या मुलीला या वर्गांना नेते आणि गेली तीन वर्षे स्वतःही शिकते आहे. त्या अनुभवातून पालकांना, प्रशिक्षकांना आणि महापालिकेला काही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

मुलगी 11 वर्षांची असताना आम्ही तिला शहरातील एका वर्गात घातले. आठ महिन्यांत तिला तीन बेल्ट, म्हणजे पुढच्या पायरीचे रंगीत कमरपट्टे, मिळाले आणि प्रत्येक परीक्षेचे शुल्क आम्ही कौतुकाने भरले. पुढे स्पर्धा आली. आदल्या दिवशी तिचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो जास्त भरले, तेव्हा रात्री जेवायला देऊ नका, पाणीही घोटभरच द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. मी ते ऐकले, याचे वाईट आजही वाटते. सकाळी वजन काट्यावर बसले खरे, पण दुसऱ्या फेरीआधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पोर मॅटच्या कडेलाच बसली. घरी आल्यावर माझ्या सासऱ्यांनी, ज्यांची उभी हयात तालमीत गेली, एवढेच विचारले, "वाढत्या पोरीला उपाशी ठिवायचं कुणी सांगितलं? आधी अंग तयार हुदे, मग जोड बघू."

सासऱ्यांच्या त्या वाक्यात मला कोल्हापूरच्या तालमीची सगळी शिस्त दिसते. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्तीला सोडत नाहीत. हौदातली माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, खुराक पचवायचा आणि अंग धरू लागले की मग डाव शिकायचे, असा तो क्रम असतो. कुस्तीतही वजन उतरवण्यापायी मल्लांचे हाल होतात, हे मी नाकारत नाही. पण शाळकरी मुलाच्या बाबतीत जुना वस्ताद खुराक तोडायला सांगणार नाही. हाच धीर तायक्वांदोतही मुळापासून आहे, हे मला दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेल्यावर कळले. त्यांनी मुलीला पहिले तीन महिने एकच लाथ शिकवली. तिला 'आप चागी' म्हणतात. आधी गुडघा छातीपर्यंत उचलायचा, मग पोटरी पुढे सोडायची, पायाची बोटे मागे ओढून चवड्याने आघात करायचा आणि पाऊल जमिनीवर टेकवण्यापूर्वी गुडघा पुन्हा छातीशी आणायचा. बघणाऱ्याला हे सोपे वाटते. पण पाय परत आणताना खालचा पाय थरथरतो, कंबर एका बाजूला कलते, आणि ते थांबवण्यासाठी पोटाचे, मांडीचे, घोट्याचे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. खरा व्यायाम आहे तो तेथे, लाथ किती उंच गेली यात नाही.

या कलेच्या इतिहासाबद्दलही फलकांवर बरेच काही सैल छापले जाते. दोन हजार वर्षांची अखंड परंपरा असे सांगितले जाते, पण तायक्वांदो हे नाव 1955 सालचे आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियात निघालेल्या वेगवेगळ्या आखाड्यांनी, ज्यांवर जपानी कराटेचा मोठा प्रभाव होता, एकत्र येऊन त्याला आजचे रूप दिले. सोलमधील कुक्कीवॉन हे त्याचे मुख्य केंद्र 1972 साली उभे राहिले आणि 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकपासून तो पदकांचा खेळ झाला. कोरियाची जुनी पायांची कला म्हणजे तेक्क्यॉन. 1910 ते 1945 या जपानी राजवटीत ती जवळजवळ पुसली गेली होती. सोंग देओक-गी या एका माणसाने ती अंगात जपून ठेवली आणि 1983 साली दक्षिण कोरियाच्या सरकारने तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, तेव्हा 1893 साली जन्मलेले सोंग नव्वदीचे होते. 2011 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही तिचा समावेश झाला. आपल्याकडे मर्दानी खेळ ज्या मोजक्या वस्तादांनी पोटाला चिमटा काढून टिकवला, त्यांची आठवण मला येथे होते. ज्या माणसाने ही कला वाचवली, त्याने ती पदकासाठी केली नव्हती; आयुष्यभर केली होती.

काळ्या बेल्टबद्दलही एक गोष्ट पालकांनी माहीत करून घ्यावी. कुक्कीवॉनच्या नियमांप्रमाणे काळ्या बेल्टच्या पहिल्या पायरीनंतर, म्हणजे पहिल्या 'दान'नंतर, दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षे आणि तिसऱ्यानंतर चौथ्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलांना तर 'दान' दिलाच जात नाही, त्यांना त्याऐवजी 'पूम' ही मुलांसाठीची पायरी मिळते. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांनीच थांबणे हा शिक्षणाचा भाग मानला असताना, आपण दर दोन-तीन महिन्यांनी नवा रंग मागतो. आणि मागणारे बहुतेक वेळा आपण पालकच असतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. प्रशिक्षकाने परीक्षा पुढे ढकलली की आपणच मूल काढून दुसरीकडे घालतो.

"याने उंची वाढेल का?" हा प्रश्न मला इतर आया नेहमी विचारतात. उंची मुख्यतः आई-वडिलांकडून येते आणि पोटभर, सकस आहारावर अवलंबून असते. कोणत्याही लाथेने ती वाढत नाही. मात्र उड्या, पावले टाकणे, एका पायावर तोल धरणे यांमुळे वाढत्या वयात हाडांवर जो भार पडतो, तो हाडांना बळकट करतो. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांतून आपल्या मुलांना ही 60 मिनिटे कोठे मिळतात? अशा वेळी आहे त्या व्यायामालाच उपासाची जोड देणे, म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी 44 व्या वर्षी सुरुवात केली. पहिला महिना गच्चीच्या कठड्याला धरून पाय उचलण्यात गेला. 'तेगुक इल जांग' या पहिल्या पूमसेतल्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या सरावातल्या, अठरा हालचाली पाठ व्हायला मला चार महिने लागले, आणि शेजारी उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलांबरोबर "हाना, दुल, सेत, नेत" अशी कोरियन मोजणी करताना सुरुवातीला आवाज फुटत नसे. आज मी जिना उतरताना कठडा धरत नाही. पासष्टीनंतर पडण्याचा धोका कमी व्हावा म्हणून आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा, असे तीच संघटना सांगते. तो व्यायाम चाळिशीतच अंगवळणी पाडण्यासाठी ही कला फार उपयोगी आहे.

म्हणून प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की, चौदा वर्षांखालील एकाही मुलाचे वजन उपाशी ठेवून उतरवू नये. वजन वाढले असेल तर त्याला वरच्या गटात खेळवावे, हरला तरी चालेल. पालकांनी वर्ग निवडताना भिंतीवरची पदके मोजण्याऐवजी एक तास मागे बसून पाहावे, की मुलांच्या चुका कोणी हाताने धरून दुरुस्त करते की नाही. आणि महापालिकेला विनंती अशी की, राजर्षी शाहू महाराजांनी ज्या शहरात तालमींना आश्रय दिला आणि खासबागेसारखे मैदान उभारले, त्या शहरात स्पर्धा न खेळणाऱ्या स्त्रियांना आणि ज्येष्ठांना सरावासाठी संध्याकाळचा एक तास, एखाद्या महापालिका शाळेचे सभागृह माफक भाड्याने मिळावे. आम्ही सध्या सात जणी एका घराच्या गच्चीवर सराव करतो. जूनमध्ये पाऊस लागला की गच्ची निसरडी होते आणि आमचा वर्ग सप्टेंबरपर्यंत बंद पडतो. यंदाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक आणि विद्यार्थिनी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर