स्टिक ड्रिफ्ट : झिजणारा भाग सुटा विका

महोदय,

निन्टेन्डोचा ‘स्विच २’ हा गेम कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि काही दिवसांतच उपकरणे खोलून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने तो खोलून दुरुस्तीच्या सोयीसाठी त्याला दहापैकी तीनच गुण दिले. त्याहून खटकणारी गोष्ट जॉय-कॉनमध्ये, म्हणजे त्याच्या कंट्रोलरमध्ये, निघाली. अंगठ्याने फिरवायच्या स्टिकखाली पुन्हा पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासून चालणारा सेन्सरच आहे. २०१७च्या जॉय-कॉनमध्ये याच तंत्रामुळे ‘ड्रिफ्ट’ बोकाळला होता. स्टिकला बोटही न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला चालू लागायचे. अमेरिकेत खटले झाले, २०२०मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली, २०२३मध्ये युरोपात वॉरंटीनंतरही मोफत दुरुस्तीची हमी द्यावी लागली. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नसल्याने इथल्या ग्राहकाला यातले काहीच लागू होत नाही.

दोष एकट्या निन्टेन्डोचा नाही. सोनीच्या ड्युअलसेन्सची (प्लेस्टेशन ५च्या कंट्रोलरची) स्टिक उघडली, तर दोन बाजूंना दोन चिमुकले पोटेन्शिओमीटर दिसतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावरून धातूची पाती घासत जाते. पाती कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज बदलते आणि स्टिक किती वळली ते कळते. स्टिक सर्वाधिक वेळ मध्याच्या आसपास हलते, म्हणून थरही तिथेच आधी झिजतो. झिजलेली भुकटी आतच साचते आणि ‘मध्य’ सरकतो.

ड्रिफ्टची शंका आली की आधी कंट्रोलर संगणकाला जोडून गेमपॅड तपासणीच्या वेबपेजवर आकडे पाहावेत. स्टिक सोडल्यावर आकडा शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. तो किंचितच हटत असेल, तर गेममधला ‘डेडझोन’, म्हणजे मध्याभोवतीची हालचाल दुर्लक्षिली जाते तो पट्टा, थोडा वाढवून भागते. फार वाढवला तर नेमबाजी बोथट होते. स्विचवर सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करण्याची, म्हणजे तिचा मध्य आणि कडा नव्याने ठरवण्याची, सोय आहे. तरीही फरक पडला नाही, तर कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडावेत, स्टिक गोल फिरवावी आणि अर्धा तास वाळू द्यावे. गंज सोडवण्याचा तेलकट स्प्रे मात्र मुळीच मारू नये. तेलावर धूळ आणखी चिकटते. अल्कोहोलने भुकटी निघते, पण झिजलेला थर परत येत नाही. त्यामुळे काही आठवड्यांत दुखणे पुन्हा डोके वर काढते.

कायमचा इलाज म्हणजे स्टिक बदलणे, आणि घोडे इथेच अडते. ड्युअलसेन्सची एक स्टिक बोर्डाला चौदा ठिकाणी सोल्डरचा डाग देऊन बसवलेली असते. कारखान्यातले शिसेविरहित सोल्डर उशिरा वितळते, शिवाय ग्राउंडच्या पिना उष्णता ओढून घेतात. अशा वेळी घाईने स्टिक उपटली, तर भोकातले तांबे उखडते आणि बोर्डच वाया जातो. आधी भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहते करणारे रसायन) आणि थोडे शिसेयुक्त सोल्डर मिसळून, मग विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) किंवा पंपाने ते शोषून घ्यावे लागते. नवी स्टिक लावल्यावर मध्य आणि कडा पुन्हा कॅलिब्रेट कराव्या लागतात. त्यासाठी सोनीने ग्राहकाला साधन दिलेले नाही. हौशी तंत्रज्ञांनी बनवलेल्या अनधिकृत साधनावर काम भागवावे लागते. एवढे कसब गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवाल्याकडे असेलच असे नाही.

पर्याय जुनाच आहे. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना न शिवता काम करतात, त्यामुळे घासून झिजायला थरच नसतो. सेगा कंपनीने आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हे तंत्र १९९८मध्येच वापरले होते. आज भारतात मिळणाऱ्या अनेक स्वस्त कंट्रोलरांतही ते असते. बाकीचे भाग, उदाहरणार्थ स्प्रिंग आणि बटणे, मात्र तिथेही झिजतात. सोनीच्या २०२३च्या ड्युअलसेन्स एजमध्ये संपूर्ण स्टिक मॉड्यूल डाग न देता काढता-घालता येते. म्हणजे हे करणे शक्य आहे. ते फक्त महागड्या मॉडेलपुरते राखून ठेवले आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे उपकरण दुरुस्त करणे किती सोपे याला गुण देण्याच्या पद्धतीचा, अहवाल सादर केला. उपकरण खोलणे किती सोपे, सुटे भाग किती लवकर आणि कितीला मिळतात, असे निकष त्यात आहेत. मोबाइलबरोबर गेम कंट्रोलरही या निर्देशांकात यावेत, आणि स्टिक मॉड्यूल व कॅलिब्रेशनचे अधिकृत साधन ग्राहकाला विकत मिळते का, यावर गुण ठरावेत, अशी आमची मागणी आहे.

– गेमिंग उपकरणांचे काही दुरुस्ती तंत्रज्ञ, पुणे