सापडलं नाही अजून, पण विसरलो नाही

सर, नमस्कार.

नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. वाचलं की कळेलच कुणासाठी आहे ते. मी आठवीतल्या त्या पोरीची आई, जी पहिल्याच दिवशी तुम्हाला म्हणाली होती, "सर, बेल झाली की, अजून का शिकवायलाय?" तुम्ही हसला होता. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आलेला, कारण आधीच्या शाळेत असल्या एका वाक्याला दोन तास वर्गाबाहेर असा रेट होता.

आमचा धंदा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा. सोलापुरात आता चादरीसारखंच युनिफॉर्मचंही नाव झालंय. घरालगत पत्र्याच्या शेडमध्ये सहा मशिनी, 28, 30, 32, एका मापाच्या शर्टांच्या थप्प्याच्या थप्प्या, आणि असल्या घरात ही निघाली. सासूबाई म्हणतात, हिचं कटिंगच वेगळं झालंय.

आधीच्या शाळेत हिचा गुन्हा काय तर फळ्यावरची उत्तरं उतरवून घ्यायची नाही. "मला समजलं नाही ते मी का लिहू?" एवढंच म्हणायची, आवाज पण चढवायची नाही. वहीत लाल पेनाने उद्धट, सूचना पाळत नाही, पालकांनी भेटावे. पालक म्हणजे मीच, कारण हे ऑर्डरीच्या मागं. मशीन बंद ठेवून जायचं आणि मान खाली घालून ऐकायचं. एकदा तिथले शिक्षक म्हणाले, हुशार आहे हो, पण आमच्या शाळेत बसणारी नाही, डॉक्टरला दाखवा. दाखवलं पण! डॉक्टर म्हणाले पोरगी ठणठणीत आहे, आणलं कशाला? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 17 व्या कलमात मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे हे मला फार उशिरा कळालं. आधी कळालं असतं तर मान जरा वर करून बसले असते.

पण तेही सहन केलं असतं. एका रात्री ही गाइड समोर ठेवून सगळी उत्तरं उतरवत बसलेली, छान गोल अक्षरात, एक खाडाखोड नाही. वही माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "आता बरोबर ना?" सर, लाल शेऱ्यांपेक्षा त्या सुंदर अक्षराची मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी यांना म्हटलं, शाळा बदलायची, वर्षाच्या मध्ये तर मध्ये. त्यासाठी किती चकरा झाल्या ते सोडा.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडं इतिहासात सविनय कायदेभंगाचा धडा चालू होता. त्यात आपल्या सोलापूरचं येतं, मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, मग मार्शल लॉ म्हणजे लष्कराचा अंमल लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला, म्हणजे ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या तोंडावर, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यापाशी आपण रोज जातो येतो, वर बघतं कोण. तर हिनं हात वर केला, "सर, मार्शल लॉ होता तेव्हा शाळा चालू होत्या का? पोरं काय करत होती?"

हे परीक्षेला येत नाही, हे मला पण कळतं. आधीच्या शाळेत त्यावर "बस खाली" झालं असतं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "मला माहीत नाही." आणि शर्टाच्या खिशातली ती छोटी डायरी काढून प्रश्न लिहून घेतला, खाली हिचं नाव लिहिलं. घरी आल्यावर दप्तर न काढताच हिनं सांगितलं, "आई, सरांनी माझा प्रश्न लिहून घेतला." मी कॉलर लावत होते, सुई बोटात गेली.

बरं, इतकंच असतं तरी मी पेढे वाटले असते. आठ दिवसांनी तुम्ही व्हरांड्यात हिला थांबवून म्हणालात, "सापडलं नाही अजून, पण विसरलो नाही." नंतर परत एकदा तेच. म्हणजे एवढा मोठा माणूस तेरा वर्षांच्या पोरीला हिशोब देतोय, तोही न मिळालेल्या उत्तराचा. आमच्याकडं व्यापारी लोक पेमेंटचं विचारलं तर फोन उचलत नाहीत हो.

मार्क काही फार वाढले नाहीत, खरं तेच सांगते. हिंदीची वही अजून अर्धीच आहे, पीटीला रांगेत उभं राहायचा कंटाळा तसाच. पण ही परत भांडायला लागलीय. परवा मला विचारलं की मुलांच्याच शर्टाला खिसा का, मुलींच्या का नाही, आणि मला उत्तर आलं नाही. मी पण म्हणाले, माहीत नाही गं, ऑर्डरीत तसंच येतं. आधी मी ओरडले असते.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवलं. ते बरोबरच. पण साधं नीट वागणारी माणसं कशात बसवायची, त्यांना कुठलं प्राइझ? रिक्षात राहिलेला डबा परत आणून देणारा, चूक झाली म्हणणारा हेडक्लार्क, असली माणसं असतात, आपण आहेत म्हणून मोजत नाही.

तुमच्या मापाचे दोन शर्ट शिवून ठेवलेत. माप अंदाजानं घेतलंय, शाळेच्या कार्यक्रमात मागं बसून, चुकलं तर सांगा. डायरी बसेल एवढा खिसा मुद्दाम मोठा केलाय. पैशाचं काढू नका, रविवारी हे आणून देतील.

आणि शाळा चालू होत्या का ते सापडलं तर मला नको, आधी तिला सांगा.