विज्या, त्या दोन लाखांचं

गावभाग, सांगली
9 नोव्हेंबर 2025

प्रिय विज्या,

दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "आता ऑनलाइन पोकरवर बंदीच आलीय, तर सांग की लेका, सात वर्षं पत्ते कुटून नक्की किती कमावलंस?" मी म्हटलं, "चाललं की बरं." तू हसलास. मागून वहिनी एक वाक्य बोलून गेल्या आणि मग विषय चकलीवर गेला. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. पण त्याला जरा लांबून यावं लागेल, तेवढा दम धर.

आधी आकडा. जून 2018 ते ऑगस्ट 2025, एकूण छत्तीस लाख आणि वर काही हजार, कर वजा न करता. महिन्याला सरासरी बेचाळीस हजार. हिंजवडीतली नोकरी सोडली तेव्हा मी पंचेचाळीस घेत होतो. हस आता.

तुला तीनपत्ती येते. पोकर हा तिचा कॉलेजला गेलेला भाऊ समज. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, मध्ये पाच उघडी. ती आधी तीन, मग एक, मग एक अशी येतात; त्याला फ्लॉप, टर्न, रिव्हर म्हणतात. सातांतली चांगली पाच तुझी. बाकी सगळा खेळ बोलीचा. आमचे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घ्यायचे तेव्हा उपरण्याखाली बोटं धरून सौदा चालायचा, आणि तोंडावर असा भाव की बैल फुकट दिला तरी नको. मला ब्लफ पहिल्यांदा तिथं दिसला.

माझं टेबल 25-50 चं, म्हणजे दर डावाला दोघांना पानं बघायच्या आधीच 25 आणि 50 रुपये लावावे लागायचे. बसायला 5,000 लागायचे. एका वेळी चार टेबलं उघडी ठेवायची, तासाला तीनशेएक डाव, रात्री नऊ ते दोन. दिवसाला दीड हजार डाव झाले. बरा खेळणारा शंभर डावांमागं अडीचशे रुपये काढतो. वीस दिवस बसलास तर महिन्याला पाऊण लाख. मी नोकरी सोडली ती हा हिशेब कागदावर मांडून. कागदावर तो आजही बरोबर आहे. फक्त त्या अडीचशेच्या भोवतीची उलथापालथ शंभर डावांमागं साडेचार हजारांची असते, हे मला तेव्हा वाचून माहीत होतं, अंगाला माहीत नव्हतं. तीस हजार डाव एकही चूक न करता खेळलास तरी सहातला एक महिना तोट्यात जाणार. कुठला, ते कुणी सांगत नाही. आणि डाव कुणीही जिंको, प्रत्येक डावातून साइट आपला रेक कापून घेणार. यार्डातली अडतच ती, फक्त इथं अडत्या कुणाला दिसत नाही.

अण्णांना मी हे अडतीचं उदाहरण देऊन पाहिलं होतं. चाळीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी, म्हटलं त्यांना पटेल. ते म्हणाले, "अडत्या माल बघून घेतो. तुझा माल कुठाय?" मी 1968 साली सुप्रीम कोर्टानं रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं ते सांगितलं. "मग कोर्टालाच सांग तुला जेवायला घालायला." गुजरात हायकोर्टानं 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवलं होतं, ते मी सांगितलं नाही. त्यांचं चुकत नव्हतं रे. हळदीच्या वायद्यात घरं गेलेली माणसं त्यांनी जवळून बघितलेली. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, भाव येईल म्हणून पुरून ठेवलेली हळद कुजली, तेव्हा मालकाबरोबर तिथं उभे राहिलेले. त्यांच्या लेखी वाट बघून पैसा मिळवणारा प्रत्येक जण सटोडियाच.

तरी त्यांच्याकडून मी एक उचललं. रोजमेळ. रात्री दोनला उठलो की झोपायच्या आधी त्या दिवसाचा आकडा एक्सेलमध्ये टाकायचा, हिरवा नाहीतर लाल. 2019 च्या लक्ष्मीपूजनाला अण्णांनी आपली वही पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुझी वही कुठाय?" मी लॅपटॉप आणला. आई म्हणाली, त्याच्यावर अक्षता नको टाकायला, फटीत जातील. अण्णांनी एक दाणा टाकलाच. तो अजून एंटरच्या बटणाखाली असावा, कधीकधी अडकतं.

लोकांना काय सांगायचं हा एक वेगळाच धंदा. कॉम्प्युटरवर काम, एवढंच. बँकेत घरासाठी कर्ज मागायला गेलो तर पगाराची स्लिप मागितली, तिथंच मिटलं. तासगावचं एक स्थळ आलं होतं, ते मात्र सांगण्यासारखं आहे. मुलीचे वडील द्राक्षबागायतदार, चार एकर बाग. मी ठरवून खरं सांगितलं, अण्णांचा चेहरा पडला. पण त्या माणसानं असे नेमके प्रश्न विचारले की बस. भांडवल किती राखून ठेवतोस? एका रात्रीत जास्तीत जास्त किती जातं? चांगलं खेळून सलग किती दिवस तोटा झाला? ऑक्टोबरला छाटणी करून फेब्रुवारीपर्यंत ढगाकडं बघत बसणारा माणूस तो, त्याला उलथापालथ म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही. चहा झाला. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, तुझं काम मला कळलं. म्हणून नको म्हणतोय. एका पोरीच्या नशिबात एकच जुगार पुरे, तो तिनं माहेरी बघितलाय." इतक्या मानानं मला कुणी नकार दिला नसेल.

आता 2021.

मे महिन्यापासून पत्ताच पडत नव्हता. असं होतं. पन्नाससाठ हजार डाव उलटे जाऊ शकतात, म्हणूनच चाळीसपन्नास वेळा बसता येईल एवढं भांडवल बाजूला ठेवतात. माझ्याकडं होतं. त्यातले बावीस वेळचे पैसे दीड महिन्यात गेले, एक लाख दहा हजार. तिथपर्यंत मी नीट होतो रे, खरंच. मग आषाढीच्या आधीच्या आठवड्यात, बाहेर पाऊस धो धो, एक डाव आला. माझ्या हातात अठ्ठ्यांची जोडी, बदाम आणि चौकट. फ्लॉपवर इस्पिकची अठ्ठी, बदामचा बादशहा, इस्पिकची तिर्री. तीन अठ्ठ्या झाल्या. टर्नला चौकटची दुर्री. मी सगळे पुढं सारले, समोरच्यानं कॉल केला आणि पानं उघडी झाली. त्याच्याकडं इस्पिकचा एक्का आणि राणी. आणखी एक इस्पिकचं पान आलं की त्याची पाच इस्पिकची, आणि पोकरमध्ये ती तीन अठ्ठ्यांच्या वर. चव्वेचाळीस पानं उरलेली. इस्पिकची नऊ, पण त्यातला बादशहा किंवा दुर्री आली तर माझं फुल हाउस, तीन सारखी आणि दोन सारखी, ते त्याच्याही वर. म्हणजे त्याच्या कामाची सातच. सदतीस पानं माझी. इस्पिकची छक्की आली.

तो डाव मी आजही तसाच खेळेन. त्याचं दुःख नाही. दुःख पुढच्या पाच मिनिटांचं आहे. मी उठलो, कूकरचं झाकण लावून आल्यासारखा परत येऊन बसलो आणि 5,000 च्या टेबलाऐवजी 10,000 चं टेबल उघडलं. का, तर लवकर भरून निघावं. टिल्ट म्हणतात त्याला. लोकांना वाटतं टिल्ट म्हणजे माणूस आरडाओरडा करतो. मी अगदी शांत होतो. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चार रात्रींत आठ वेळा बसलो आणि आठ वेळा रिकामा उठलो. ऐंशी हजार. ते नशिबानं नेले नाहीत, मी दिले.

एकूण एक लाख नव्वद हजार. त्यानंतर दोन दिवसांनी कृष्णेला पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाची पातळी दर तासाला मोबाइलवर येत होती. चाळीस फूट, पंचेचाळीस, मग पन्नाशी ओलांडली. आणि चोवीस तारखेला मी तुला फोन केला.

तुला मी काय सांगितलं ते आठवतं? घरात कमरेएवढं पाणी, फ्रिज गेला, धान्य गेलं, अण्णांना माधवनगरला हलवलंय. तू एवढंच विचारलंस, "किती पाठवू?" मी दोन लाख म्हटलं. संध्याकाळपर्यंत आले.

विज्या, 2021 ला आमच्या घरात पाणी आलंच नाही. गल्लीत आलं, ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं आणि उतरलं. अण्णा घरातच होते, वरच्या मजल्यावर रेडिओ ऐकत. मी तुला व्हॉट्सअॅपवर जो फोटो पाठवला, पाण्यात तरंगणारा तो निळा पिंप, तो 2019 चा. त्या वर्षी पुलाला सत्तावन्न फुटांच्या वर पाणी होतं आणि तेव्हा खरंच सगळं गेलं होतं. तेव्हा मात्र मी तुझ्याकडं मागितलं नव्हतं.

ते दोन लाख मी भांडवलात घातले. परत 5,000 च्या टेबलावर आलो, शिस्तीत खेळलो, मार्च 2022 ला तुला पैसे परत केले. तू व्याजाचा विषय काढू दिला नाहीस. मला वाटलं, झालं, फिटलं. रोजमेळात तुझं नाव कुठंच नाही. "भांडवल वाढ" असं लिहिलंय, हिरव्या रंगात.

आणि परवा वहिनी मागून म्हणाल्या, "पुराच्या वेळी चिमीची एफडी मोडून पाठवले होते, आता भाऊजींचं बरं चाललंय हे ऐकून बरं वाटलं." एफडी मोडलीस हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. सांगणार तरी कशाला, तू पूरग्रस्ताला पैसे पाठवत होतास.

बाकीचं भराभर सांगतो. एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस, त्याच ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी. हौशी खेळाडू आटत गेले, उरले सगळे माझ्यासारखे, एकमेकांना खरडणारे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र टेबलं भरायची, पगार झालेले असायचे. आमचा धंदा त्या आठवड्यावर चालायचा हे मी तुला कधी सांगितलं नाही. एक गडी दर महिन्याला यायचा. एकदा चॅटमध्ये त्यानं लिहिलं, "भाऊ आज लवकर उठतो, पोरीची फी भरायचीय." मी मनात म्हटलं, ऊठ बाबा. तो उठला नाही. दोनदा बसला, दोन्ही वेळा गेला. त्यातले साडेसहा हजार माझ्याकडं आले. त्या रात्रीचा आकडाही हिरवाच आहे. छत्तीस लाखांत असे किती, ते एक्सेलला विचारता येत नाही.

यंदा 21 ऑगस्टला, गुरुवारी, कायदा संसदेत पार झाला, शुक्रवारी राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. शिक्षा चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही, त्यामुळं पोलिस दारात येतील ही आईची भीती मी काढली. शिल्लक होती ती काढून घेतली. त्याच आठवड्याअखेरीस इथं चोरगणपती बसले. ना वाजंत्री, ना मिरवणूक. मी आपला हात जोडून आलो. म्हटलं, आपण दोघं सारखेच, गुपचूप येणारे.

तू म्हणालास गोव्याला जाऊन खेळ, मांडवीतल्या बोटींवर चालतं ते. चालतं. पण तिथं तासाला पंचवीसतीस डाव होतात. माझं महिन्याचं काम करायला वर्ष लागेल, वर आंबोली घाट आणि हॉटेलचं भाडं वेगळं. सध्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब बघतोय. अठ्ठावीस हजार. पहिला पगार आईच्या हातात दिला तर तिनं स्लिप मागितली आणि देवाजवळ ठेवली. पैसे मला परत दिले.

रात्री नऊला अजून हात शिवशिवतात, खोटं कशाला सांगू. परवा मोबाइलवर नुसतेच, बिनपैशाचे चार डाव खेळलो. रिव्हरपर्यंत सगळे जण येतात, कुणी पानं टाकतच नाही. कंटाळा आला.

येत्या रविवारी साताऱ्याला येतोय. चिमीची एफडी मोडताना बँकेनं जे कापलं आणि त्या आठ महिन्यांचं व्याज, हे काढून ठेव. तू काढणार नाहीस, म्हणून मीही अंदाजानं काढलंय. घेतलं नाहीस तर तिच्याच नावानं भरू. कंदी पेढ्यांचं आवतण नको, भडंग मी आणतो.

हे पत्र वहिनींना वाचायला दे. तू तोंडी सांगू नकोस, तू माझ्या बाजूनं सांगशील. मी सकाळच्या एसटीनं निघतो, साडेदहापर्यंत पोचेन. त्या वेळी त्या घरी असतील असं बघ.

तुझा,
बंड्या