डबल बेल द्यायच्या आधी थांबणाऱ्या मास्तरांना

मास्तर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, आई तुमच्या गाडीनं गेली-आली, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही बसचे कंडक्टर, म्हणून आई तुम्हाला मास्तर म्हणायची, तुम्ही तिला आक्का म्हणायचा, त्यावरच भागलं. मग आमच्या गावाच्या फेरीवर दुसरे मास्तर दिसायला लागले. तुमची ड्युटी बदलली एवढंच कळलं आणि आभार मानायचे राहिले. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. केएमटीतलं, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेतलं, कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल.

ओळख पटावी म्हणून सांगते. पंचगंगेपलीकडच्या गावातली, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, डायलिसिसला जाणारी, डाव्या हातावर कायम पदर घेऊन बसणारी बाई. ती माझी आई.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा घरात पहिला प्रश्न पडला तो जायचं कसं हा. उपचार सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसले, त्याचा पैसा लागला नाही. पण गावातनं दवाखान्याच्या दारापर्यंत माणसाला कोण नेणार, हे कुठल्या योजनेत बसतं? आठवड्याला तीन खेपा, म्हणजे वर्षाच्या 156. जायचं आणि यायचं धरलं तर 312 वेळा गाडीत चढायचं, 312 वेळा उतरायचं. भाऊ शिरोली एमआयडीसीत पाळीवर, मी लग्न होऊन इचलकरंजीला. दर खेपेला रिक्षा ठरवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. उरली केएमटी.

सुरुवातीचे दोन महिने मी रजा काढून सोबत होते. सकाळची तुमची गाडी भरलेली असायची. कपिलतीर्थ मार्केटला भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या. त्या गर्दीत एका ताईंनी आईला वर ओढून घ्यायला म्हणून तिचा डावा हात धरला आणि आई ओरडली. त्या ताईंचा काही दोष नव्हता, त्या मदतच करत होत्या. तुम्ही गर्दीतनं वाट काढत पुढं आलात आणि काय झालं ते विचारलंत. मी सांगितलं, या हातात फिस्टुला आहे, शीर जोडलेली आहे, तिथूनच मशीनला रक्त जातं, हाताला धक्का लागता कामा नये, दाब पडता कामा नये.

तुम्ही नुसतं हो म्हणून तिकिटं फाडायला गेला नाहीत. "म्हंजे कसं आक्का?" म्हणून थांबलात. आईनं पदर बाजूला केला आणि म्हणाली, हलकं बोट लावून बघा. तुम्ही दोन बोटं टेकवलीत. फिस्टुला चालू असला की कातडीखाली एकसारखी थरथर लागते, ती तुम्हाला लागली. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. तुम्ही म्हणालात, "आक्का, इंजिन चालू हाय की ओ हितं!"

त्या दिवसापासून आईचा डावा हात तुम्ही सांभाळलात. पुढच्या दारामागची खिडकीकडची सीट, तीही अशा बाजूची की डावा हात खिडकीकडं राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागणार नाही. हे आम्ही सांगितलं नव्हतं, तुम्हीच शोधून काढलंत. चढताना तुम्ही हात पुढं करायचा तो तिच्या उजव्या बाजूला. आणि दर खेपेला एकच प्रश्न, "आक्का, इंजिन चालू हाय न्हवं?" आईही मग घरातनं निघायच्या आधी हाताला बोटं लावून बघायची, मास्तर विचारणार म्हणून. डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितलं होतं, ती विसरायची. तुमच्यामुळं विसरायची बंद झाली.

परतीच्या गाडीचं तर वेगळंच. चार तास मशीनवर पडून आलेलं माणूस पिळून काढल्यासारखं होतं. बीपी खाली आलेलं असतं, एकदम उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. चढल्या चढल्या गाडी हलली तर आई पडलीच असती. तुमच्या गाडीत ती कधी पडली नाही, कारण ती टेकून बसेपर्यंत तुमचा हात बेलकडं जात नव्हता. मागनं कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, द्या की डबल!" तुम्ही मागं न बघता म्हणायचा, "आक्का बसूदेत." ड्रायव्हर मामांनाही ते ठाऊक झालं होतं, आरशात बघत थांबायचे. त्यांनाही माझा नमस्कार सांगा. फेरीची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. ते अर्धं-पाऊण मिनिट तुम्ही शेवटच्या थांब्यावरच्या तुमच्या चहातनं काढत होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायलाच हवं होतं, ते 2024 च्या जुलैतलं.

पाऊस लागला होता, पण आमच्या गावात कुणी फारसं घाबरलेलं नव्हतं. आई दवाखान्यातनं परत येत होती. नव्या पुलावरनं गाडी जाताना तुम्ही तिच्याशेजारी येऊन उभे राहिलात. नदी दाखवलीत आणि म्हणालात, "आक्का, राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांच्या वर गेलंय. 43 ला लागलं की काय हुतंय ते तुमास्नी सांगायला नको. राधानगरी धरणाचं दरवाजं उघडलं तर आपली गाडी बंद. उद्याच कापडं घ्या आणि शहरात पावण्याकडं जाऊन ऱ्हावा." एवढ्यावर थांबला नाहीत. आईच्या फोनवरनं भावाला लावून घेतलंत आणि तेच पुन्हा सांगितलंत.

2019 च्या पुरात आमचं गाव कसं तुटलं होतं ते आम्ही बघितलं होतं. पण तेव्हा आईला हा आजार नव्हता. म्हणून पूर म्हटलं की आमच्या डोक्यात जनावरं यायची, धान्य यायचं. आईची एक खेप चुकली तर अंगात पाणी साठेल, दम लागेल, हे पुराशी जोडून आम्ही कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही बघितलंत. दुसऱ्या दिवशी भावानं आईला रंकाळ्याजवळ मावशीकडं सोडलं. पुढं पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि आमच्या गावचा रस्ता पाण्याखाली गेला. आईची एकही खेप चुकली नाही.

पाणी उतरून गाडी सुरू झाली त्या दिवशी आई तुमच्यासाठी खरवस घेऊन आली होती. स्वतःला खायला बंदी, पण करून आणला. तुम्ही डबा उघडून ड्रायव्हर मामांना आधी दिलात, असं ती सांगते.

आता आईची डायलिसिसची पाळी दुपारची झाली आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नवे मास्तरही चांगले आहेत. पहिल्याच आठवड्यात आईनं त्यांना डाव्या हाताचं सांगितलं, तर ते म्हणाले, "ठावं हाय आक्का, आधीच्या मास्तरांनी सांगून ठेवलंय."

हे ऐकून मी त्याच रात्री लिहायला बसले. मास्तर, तुम्ही सध्या कागलच्या गाडीवर असा, हुपरीच्या असा नाहीतर शहरातल्याच फेरीवर असा, तुमचे मनापासून आभार. या बाजूला आलात तर घरी या. आणि आईनं मुद्दाम निरोप सांगायला सांगितलाय, इंजिन चालू हाय.

आपली,
डाव्या हाताच्या आक्कांची लेक